गयासभाईंची हिरवी पट्टी

औरंगपुऱ्याच्या मुख्य रस्त्यावरून भांड्यांच्या दुकानांशेजारच्या बोळात वळलं, की उजव्या हाताला गयासचं सीट कव्हरचं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक शटर. आत शिलाई मशीन, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि फोमचे तुकडे. माणसाला बसायला जागा उरत नाही, त्यामुळे सगळं काम बाहेर बोळातच चालतं. गाडीची सीट उलटी करून मांडीवर घ्यायची, खालच्या पिना उपटायच्या, जुनं कव्हर सोलून काढायचं आणि नवं ताणून बसवायचं. गिऱ्हाईक तोवर चहा पिऊन येतं.

शटरच्या चौकटीला, खांद्याच्या उंचीवर, हिरव्या रेक्झिनची वीतभर पट्टी खिळ्यानं ठोकलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, दुकानदारानं नमुना लावलाय. ज्यांच्यासाठी ती होती त्यांना मात्र बरोबर कळायचं. पट्टी आहे, म्हणजे मशीनखालच्या खणात प्लॅस्टिकचा डबा आहे, डब्यात नॅलोक्सोनच्या कुप्या आणि सिरिंजा आहेत, आणि इथं कुणी नाव-गाव विचारणार नाही.

ब्राऊन शुगर किंवा तसल्या जातीची सुई जास्त झाली, की माणूस झोपल्यासारखा दिसतो. श्वास लांबत जातो, ओठ निळे पडतात आणि मग श्वास थांबतो. अशा वेळी नॅलोक्सोनचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत दिलं तर तो परत चालू होतो. मात्र हाताशी वेळ फार थोडा असतो. झोपेच्या गोळ्यांवर, ज्यांना शहरात बटन म्हणतात, या औषधाचा उपयोग नाही. हे सगळं गयासला प्रशिक्षणात शिकवलं गेलं. निळे पडलेले ओठ त्यानं त्याच्या खूप आधी पाहिले होते. त्याचे दोन मित्र त्याच्यासमोरच गेले होते आणि तेव्हा तो स्वतःही शुद्धीवर नव्हता.

गयास बरीच वर्षं सुईवर होता. वडिलांनी उभं केलेलं दुकान बंद पडलं, मशीन गहाण गेलं. राहत नावाची त्याची बायको लहानग्या मुलीला, कहकशाला, घेऊन जिन्सीला माहेरी निघून गेली आणि जाताना सासूला सांगून गेली, की हा माणूस सुधारला तर निरोप धाडा, मेला तरी धाडा. तो सुधारला. कसा, हे विचारलं तर तो नीट सांगू शकत नाही. उपचार घेतले, परत घसरला, परत घेतले. एका वेळी टिकलं ते टिकलं. राहत परत आली, तीही लगेच नाही. वर्षभर थांबून, खात्री करून.

शासनाच्या अनुदानातून शहरात हा उपक्रम सुरू झाला तेव्हा तो चालवणाऱ्या संस्थेच्या तनुजाताई गयासला शोधत बोळात आल्या. नशेतून बाहेर पडलेली, ज्यांच्यावर नशा करणाऱ्यांचा भरवसा आहे अशी माणसं त्यांना हवी होती. कामाला दरमहा मानधन होतं, तेही अनुदानातूनच. त्यांनी सोबत एक फ्लेक्सचा बोर्ड आणला होता. त्यावर ठळक अक्षरांत होतं: अतिमात्रा प्रतिबंध व प्रतिसाद केंद्र.

गयासनं तो बराच वेळ वाचला. "ताई, हे वाचून पोलीस येईल. पेशंट नाय येणार."

"मग काय लावायचं?"

"अतिमात्रा म्हंजे काय, ते तर मला बी आत्ता कळलं, तुम्ही सांगितल्यावर," असं म्हणत त्यानं पायाशी पडलेला एक हिरवा तुकडा उचलला आणि कात्रीनं सरळ कापला. "हे लावू. गल्लीत सांगून ठेवू, जिथं हे दिसेल तिथं दवा आहे. बस."

वरच्या कार्यालयाला ते पटवताना तनुजाताईंच्या नाकी नऊ आले, पण पटलं. शहरातल्या सगळ्या केंद्रांसाठी पट्ट्या गयासनंच कापल्या, एकाच गुंडाळीतून, म्हणजे रंगात फरक पडणार नाही. नियमही त्यानंच घातला: डबा रिकामा झाला, की पट्टी खाली. नवा डबा आला, की परत वर. पट्टी दिसली आणि दवा नाही, असं एकदा जरी झालं तरी कोणी परत येणार नाही, हे त्याला नशेच्या दिवसांतल्या अनुभवानं माहीत होतं. त्या दुनियेत खोट्या ठिकाणाची बातमी एका दुपारभरात पसरते.

सुदर्शनला त्यानं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचे ओठ निळेच होते. दुपारची वेळ होती. आकाश नावाचा रिक्षावाला, जो स्वतःही सुई घ्यायचा, रिक्षा थेट बोळात घालून ओरडत आला. मागच्या सीटवर पंचविशीचा पोरगा आडवा पडला होता. गयासनं त्याला खाली घेतलं, मान मागे करून तोंडानं श्वास दिला, दंडात इंजेक्शन टोचलं, परत श्वास दिला. पोरगा एकदम उठून बसला आणि शेजारी उलट्या ठेवलेल्या बुलेटच्या सीटवर भडाभडा ओकला.

"कोणी सांगितलं होतं तुला?" तोंड पुसत तो गयासवर खेकसला. "सगळी उतरवली माझी!"

"मियाँ, तू मेला होता."

"मी झोपलो होतो."

"असं झोपतात व्हय? ओठ बघ आरशात, जांभळं खाल्ल्यासारखे झालेत."

बुलेटचा मालक तेवढ्यात चहा पिऊन आला आणि सीट कोण धुणार म्हणून विचारू लागला. आकाश हसत सुटला. सुदर्शन थरथरत होता, कारण हे औषध नशा एकदम ओढून घेतं आणि शरीराला ते झेपत नाही. गयासनं त्याला तासभर तिथंच बसवून ठेवलं, औषध उतरल्यावर श्वास परत मंदावतो का ते बघायला. दुसऱ्या दिवशी तो कागदात बांधलेली भजी घेऊन आला आणि "मामू, काल जरा जास्तच बोललो" म्हणाला. तेव्हापासून गयास त्याचा मामू झाला.

सुदर्शन गंगापूरचा. वाळूजला एका कारखान्यात वेल्डिंग करायचा, तिथंच त्याला सुई लागली. आईवडील नव्हते. मोठी बहीण दीपमाला गंगापूरलाच दिलेली होती. तिचं छोटं पार्लर होतं. तिनंच शेवटी येऊन त्याला घरी नेलं. हिवाळाभर तो तिच्याकडे राहिला. उपचार घेतले, भाच्याला शाळेत सोडू लागला, गावातल्या एका वर्कशॉपमध्ये कामालाही लागला. अधूनमधून तो गयासला फोन करायचा. "मामू, वजन वाढलंय माझं. ताई म्हणती, नवरदेव दिसतो."

"मग नवरी बघायला सांग ताईला."

"नवरीला काय सांगू, काय करत होतो म्हणून?"

"माझ्या बायकोला विचार, ती सांगेल काय सांगायचं."

उपक्रमाच्या यादीतून सुदर्शनचं नाव 'बरा झाला' या शेऱ्यासह निघालं. तनुजाताईंनी त्याचं उदाहरण एका बैठकीतही सांगितलं.

मार्चअखेर अनुदानाची मुदत संपली. नवा करार 'प्रक्रियेत' होता. हा शब्द तनुजाताई एप्रिलभर ऐकत राहिल्या आणि मे महिन्यातही. पगार थांबले, मानधनं थांबली. दोन कार्यकर्त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली. सगळ्यांत वाईट म्हणजे औषध थांबलं. ते साध्या मेडिकलवर मिळत नाही आणि अनुदानाशिवाय, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय संस्थेला साठा करता येत नाही. तनुजाताईंनी इकडेतिकडे विनवण्या करून थोड्या कुप्या मिळवल्या, त्याही संपल्या. गयासच्या डब्यातली शेवटची कुपी बसस्टँडवरच्या एका माणसासाठी गेली. तो माणूस जगला आणि आभार न मानता निघून गेला, ते नेहमीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयास पकड घेऊन पट्टीचा खिळा उपटायला लागला, तेवढ्यात तनुजाताई स्कूटीवरून आल्या.

"गयासभाई, थांबा. काढू नका."

"डबा रिकामा आहे ताई."

"माहीत आहे. सगळेच डबे रिकामे आहेत. पण पाहणी समिती कधीही येईल. केंद्रं चालू दिसली तर करार होईल. बंद दिसली, की 'उपक्रम कार्यरत नाही' असा शेरा पडेल, आणि मग पुढच्या वर्षीही काही नाही. पुरवठा नाही म्हणून डबे रिकामे, हे मी सांगू शकते. पट्ट्याच नसतील तर दाखवू काय?"

"आणि तवर कोणी आला तर?"

"लगेच घाटीत पाठवा."

घाटी म्हणजे शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय. गयास म्हणाला, "पट्टी बघून माझ्याकडं येणार, मग मी घाटीत पाठवणार. मग पट्टी कशाला? पाटीच लावतो ना, घाटी तिकडं म्हणून."

तनुजाताई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे तांबारलेले होते. "आणि बाहेर बोलू नका. पोरांना कळलं, की केंद्रं ओस पडतील. थोडेच दिवस, गयासभाई. माझ्यासाठी नाही म्हणत मी."

त्यांना नाही म्हणणं गयासला जड गेलं, पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ज्या बोळात लोक त्याला बघून दुकानाच्या गल्ल्यावर हात ठेवायचे, त्याच बोळात आता ते त्याला गयासभाई म्हणत होते. पोलीस चौकीतला हवालदार चहा पाजत होता. कहकशाच्या सासरी सोयरीक जुळवताना राहतच्या भावानं सांगितलं होतं, की मुलीचा बाप सरकारी कामावर आहे. पट्टी उतरली, की तो परत नुसता सीट कव्हरवाला, आणि त्याच्या आधीचाही कोणीतरी. त्यानं पकड खाली ठेवली.

थोडे दिवस गेले, समिती आली नाही. त्या काळात एकदोघं बोळात आले, नशेसाठी कोऱ्या सुया मागायला. गयासनं त्यांना टोलवलं. मरायला टेकलेलं कोणी आलं नाही, आणि हळूहळू त्याची भीती बोथट झाली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सुदर्शन आला. खरंच वजन वाढलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट. एक जुनी स्कूटी त्यानं ढकलत बोळात आणली.

"मामू, ताईनं घेतली. सेकंडहँड. लग्नसराईत नवरीच्या घरी जावं लागतं मेकअपला. सीट बघ, कुत्र्यानं फाडल्यागत झालीया."

"फाडलीच आहे कुत्र्यानं. हे बघ दात."

"तेच म्हणतो. झकास बसव. मरून कलर, कडेनं पांढरी पायपिंग. संध्याकाळच्या आत दे, अंधाराच्या आधी गंगापूरला पोचायचंय. ताईनं तंबी दिलीय."

"बस मग. चहा सांगतो."

"नाय, आकाशला भेटून येतो. लई दिवस झाले."

गयासचा हात सीटवर थांबला. "आकाश अजून घेतो."

"मला माहीत हाय. मी नाय घेत."

"सुदर्शन, ऐक. इतके दिवस सोडलेलं असलं, की शरीराला सवय राहत नाय. आधी घ्यायचास तेवढी घेतली, तर..."

"मामू, तू पण ना! ताईपेक्षा जास्त भाषण देतो." त्यानं चौकटीवरच्या पट्टीवर टिचकी मारली. "आणि काय झालंच, तर ही हाय की."

तो हसत होता, थट्टेत बोलत होता. गयासच्या तोंडावर आलं होतं, की डबा रिकामा आहे. तो बोलला नाही. बाहेर सांगायचं नाही असं ठरलं होतं, हे एक. पण त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. सुधारलेल्या पोराला डबा रिकामा आहे असं सांगायचं, म्हणजे तू घेणार आहेस असं तोंडावर म्हणण्यासारखं. कुणी आपल्यावर असा संशय घेतला, की काय वाटतं, हे गयासला माहीत होतं. राहतचे भाऊ अजूनही त्याचे डोळे तपासल्यासारखे बघतात. म्हणून तो एवढंच म्हणाला, "जेवायला ये."

सुदर्शन पायीच गेला. गयासनं सीट उतरवली, जुनं कव्हर काढलं, फोमचा फाटका भाग कापून नवा चिकटवला आणि मरून रेक्झिन मशीनखाली घेतलं.

पुढचं सगळं नंतर आकाशनं सांगितलं. दोघं पाणचक्कीच्या पलीकडे खाम नदीच्या काठाला बसले. आधी नुसत्या गप्पा. मग आकाशनं स्वतःसाठी काढलं. सुदर्शन नको म्हणाला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, थोडंसं. थोडंसं म्हणजे पूर्वी घ्यायचा तेवढंच. सुई निघायच्या आधीच त्याची मान खाली गेली. आकाशनं थोबाडीत मारल्या, पाणी मारलं, मग उचलून रिक्षात टाकलं. तिथून घाटी जवळ. आकाश घाटीच्या फाटकासमोरूनच गेला. फाटकात पोलीस उभा दिसला आणि त्याच्या डोक्यात एकच होतं: मागच्या वेळी मामूनं पाच मिनिटांत उठवला होता, आणि सकाळीच बोळातून जाताना पट्टी लागलेली दिसली होती. त्यानं रिक्षा औरंगपुऱ्याकडे पळवली. बाजाराची गर्दी, एक हातगाडी आडवी, एका ठिकाणी टेम्पो रिकामा होत होता.

गयास पायपिंग टाचत होता. हॉर्नचा आवाज ऐकला तेव्हाच त्याला कळलं.

"मामू! डबा काढ! लवकर!"

गयास उठला आणि रिक्षात घुसला. सुदर्शनचे ओठ, नखं सगळं निळं होतं. नाडी लागत होती की नाही कळेना.

"डबा, मामू!"

"नाय डबा. घाटीत घे."

"काय नाय?"

"दवा संपलीय. रिक्षा फिरव!"

आकाशनं चौकटीकडे पाहिलं. "अबे, पट्टी तर हाय!"

"फिरव!"

रिक्षा ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत गेली. तोच टेम्पो अजून तिथंच होता. मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून गयास सुदर्शनच्या तोंडात श्वास देत होता. प्रशिक्षणात सांगितलं होतं तसं, छाती वर येते का बघत, मोजत. छाती वर येत होती, पण ती गयासच्या श्वासानं. आकाश पुढून रडत शिव्या देत होता, वाहतुकीला, हातगाडीवाल्याला, गयासला.

घाटीत डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. औषध दिलं, छाती दाबली, बराच वेळ सोडलं नाही. मग एका तरुण डॉक्टरनं घाम पुसत विचारलं, "कधीपासून असा आहे?" आकाशनं सांगितलं. डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली आणि कागदावर मृत्यूची वेळ लिहिली.

गयास दुकानात परतला तेव्हा ऊन अजून होतं. मशीनखाली मरून कापड तसंच अडकलेलं होतं, पायपिंग अर्धी. त्यानं पकड घेतली आणि पट्टी ओढली. खिळा निघाला नाही, रेक्झिनच फाटलं. खिळ्याभोवती हिरवा तुकडा राहिला, तो त्यानं नखानं खरवडून काढला. घरी आला आणि अंगणात नुसता बसून राहिला. राहतनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग शेजाऱ्याकडून तिला कळलं. ती तांब्या घेऊन आली.

"कहकशा के अब्बा, हात तो धो लो."

त्यानं हात पुढे केले, तिनं पाणी ओतलं. रात्रभर तो झोपला नाही हे तिनं सकाळी आपल्या भावाला फोनवर सांगितलं, आणि हेही सांगितलं, की डोळे बघायला कुणी यायची गरज नाही.

अंत्यविधी गंगापूरला झाला. गयास आणि तनुजाताई एसटीनं गेले. गयास स्मशानाच्या कुंपणाबाहेरच थांबला. परतीच्या वाटेवर तनुजाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पट्टी मी ठेवायला सांगितली होती."

"खिळा मी मारलेला, ताई."

"मी सांगेन सगळ्यांना, की मीच..."

"कुणाला सांगता? कोण विचारायला आलंय?"

कुणीच आलं नाही. जूनमध्ये समिती मात्र आली. गयासच्या चौकटीला पट्टी नव्हती, पण समिती औरंगपुऱ्यापर्यंत पोचलीच नाही. बाकीची केंद्रं बघून वेळ संपला. तिथल्या हिरव्या पट्ट्या समितीच्या सदस्यांना फार आवडल्या. स्थानिक पातळीवरची कल्पक खूण म्हणून त्यांनी फोटो काढले. करार झाला, अनुदान मंजूर झालं. त्या तिमाहीच्या अहवालात नोंदणीकृत लाभार्थ्यांचे मृत्यू: शून्य. आकडा बरोबर होता. सुदर्शनचं नाव यादीतून आधीच निघालेलं होतं.

दीपमाला स्कूटी न्यायला आली ती पावसाळा लागल्यावर. एकटीच, एसटीनं. भावासारखंच रुंद कपाळ. गयासनं सीट कधीच पूर्ण करून बसवली होती. मरून, पांढरी पायपिंग. गाडी रोज सकाळी बाहेर काढून पुसायची आणि संध्याकाळी गुंडाळ्या सरकवून आत घ्यायची, असं त्याचं चाललं होतं. दीपमालानं सीटवरून हात फिरवला. पैशाचं दोघांपैकी कोणीच काढलं नाही.

"दादा, सुदर्शन सांगायचा, तुमच्या दुकानाला हिरवी पट्टी असती. कुठंय?"

"काढली."

"कवा?"

"त्याच दिवशी. तो गेल्यावर."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. डबा कधी संपला, पट्टी का ठेवली, आकाश कुठून आला. सांगताना त्यानं एकही गोष्ट टाळली नाही आणि एकही वाढवली नाही. तिनं मध्येच थांबवलं.

"म्हंजी पट्टी आधी काढली असती, तर आकाशनं घाटीतच घातली असती रिक्षा."

"हौ."

"नक्की?"

"आकाश म्हणतो, पट्टी नसती तर दुसरं काय होतं माझ्याजवळ, घाटीच."

"मग का नाय काढली?"

समिती, करार, शहरातली बाकीची पोरं, पुढचं वर्ष; गयासनं हे उत्तर मनात पुष्कळदा बांधलं होतं. तिच्यासमोर त्यातलं काही निघालं नाही. "वाटलं, थोडेच दिवस," तो म्हणाला.

"त्याला तरी सांगायचं सकाळी. मामू म्हणायचा तुम्हाला. डबा रिकामा हाय, एवढंच."

"तो सुधरला होता. वाटलं, कशाला सांगायचं. वाईट वाटेल त्याला."

दीपमालानं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. मग पदर खोचून तिनं स्कूटी स्टँडवरून काढली.

"मला बी तसंच वाटलं," ती म्हणाली. "हे म्हणत होते, मी जातो संगं. मी म्हणलं, कशाला? त्याला वाटंल, ताईचा अजून भरवसा नाय." तिनं किल्ली फिरवली. गाडी दोनदा आचके देऊन चालू झाली. "येत नाय मी परत इकडं, दादा."

"नका येऊ," गयास म्हणाला.

बोळाच्या तोंडाशी ती वळली आणि भांड्यांच्या दुकानापलीकडे दिसेनाशी झाली.

नवा डबा जुलैत आला. तनुजाताईंनी तो हातात दिला. गयासनं हिरव्या गुंडाळीतून नवी पट्टी कापली, पण ठोकली नाही. पट्टीला एक कडी शिवली आणि चौकटीला, जुन्या खिळ्याच्या भोकातच, एक हुक बसवला. आता तो रोज सकाळी शटर वर करतो, मशीनखालचा खण ओढतो, डबा उघडून कुप्या बघतो, त्यांवरची तारीख बघतो आणि मग पट्टी हुकाला अडकवतो. दुपारी कुपी वापरली गेली, की परत बघतो. संध्याकाळी पट्टी उतरवून घडी करून डब्यात ठेवतो. गिऱ्हाइकं थांबलेली असतात, कधी कुरकुरतात. एकदा हवालदारानं विचारलं, "काय गयासभाई, दिवाबत्ती चाललीय का?" गयासनं डब्याचं झाकण लावलं.

आकाश आता औरंगपुऱ्यात येत नाही. सिडकोकडे रिक्षा चालवतो असं कुणी सांगतं, कुणी म्हणतं रिक्षाही विकली.

पुढचा मार्च आला आणि परत करार प्रक्रियेत गेला. एप्रिलच्या एका सकाळी गयासनं डबा उघडला, बघितला आणि बंद केला. दुपारी तनुजाताईंचा फोन आला. मागं वाहनांचा आवाज होता, त्या रस्त्यातच कुठंतरी थांबून बोलत असाव्यात.

"गयासभाई, वरचे लोक उद्या येतायत. या वेळी औरंगपुरा पहिला ठेवलाय त्यांनी. पट्टीचे फोटो पाहिलेत ना, म्हणून. पट्टी आहे ना?"

"डब्यात आहे, ताई."

"आणि दवा?"

"नाय. परवाच संपली."

"गयासभाई..." पुढचं वाक्य काय असणार ते दोघांनाही माहीत होतं. ते ताईंनी म्हटलं नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "येतील तेव्हा मी सांगते त्यांना, हुक का रिकामा आहे ते."

"हौ. सांगा."

फोन ठेवून गयासनं समोरची सीट उलटी करून मांडीवर घेतली आणि पिना उपटायला लागला.